बावीस प्रतिज्ञांच्या फ्रेमखाली नीलमची अंगठी

प्रश्न: ताई, जय भीम. माझं वय ३१. आम्ही विदर्भातले, घर बौद्ध, आजोबा १९५६ ला दीक्षाभूमीवर होते, घरात बावीस प्रतिज्ञा फ्रेम करून लावल्यात. पुण्यात आयटीत होतो, कॉस्ट कटिंगमध्ये जॉब गेला, सहा महिने झाले घरी बसलोय. मावशीने आईला कुणा गुरुजींकडे नेलं, ते म्हणाले साडेसाती आहे, नीलम घाला, अठ्ठावीस हजार. आई भिशीचे पैसे त्यात घालणार आहे. मी भांडलो आणि रागात विहारात परित्राण पाठाला (रक्षणासाठी म्हणतात त्या सुत्तांच्या पाठाला) भन्तेंनी बांधलेला पांढरा धागा पण तिच्यासमोर तोडून टाकला, म्हटलं हा पण गंडादोराच. तेव्हापासून ती धड बोलत नाही. विहारातले एक काका म्हणतात हे तुझं मागच्या जन्मीचं कर्म. लग्नाचंही बघतायत, मुलीकडचे बौद्धच, तरी पत्रिका मागतायत. अत्त दीप भव, स्वतःच स्वतःचा दीप हो, म्हणतात ना, मग मी ठरवलंय कुणाकडे काही मागायचंच नाही, मित्रांचे फोन पण घेत नाही. रात्री झोप लागत नाही. मी चुकतोय का? धम्मात या सगळ्याला जागा आहे की नाही?

उत्तर:

जय भीम भाऊ,

आधी अंगठीचं बोलू, कारण बाकी सगळं थोडं थांबू शकतं पण भिशीचे पैसे एकदा सोनाराकडे गेले की गेले. अंगठी घ्यायची नाही. यात मला दुसरी बाजू वगैरे काही दिसत नाही. दीघनिकाय म्हणजे बुद्धांच्या लांब सुत्तांचा, प्रवचनांचा संग्रह, त्यातलं पहिलंच सुत्त आहे ब्रह्मजाल सुत्त, त्यात कुठल्या कुठल्या विद्यांवर पोट भरणं चुकीचं याची ही लांबलचक यादी आहे. शरीराच्या खुणा बघून भविष्य सांगणं, स्वप्नांचे अर्थ लावणं, ग्रहणं वर्तवणं, नक्षत्रं वाटेवर आहेत की भरकटलीत ते सांगणं, लग्नाचे दिवस काढून देणं, उंदराने कपडा कुठे कुरतडला त्यावरून शकुन काढणं (हो, हे पण), आणि त्याच यादीत रत्नांची लक्षणं सांगणं सुद्धा आहे. म्हणजे तुझ्या गुरुजींचं अख्खं रेटकार्ड तिथे आधीच लिहून ठेवलंय.

आणि नीलमची ती टेस्ट माहितीये ना, तीन दिवस उशाखाली ठेवून बघा. त्या तीन दिवसांत काही चांगलं झालं तर नीलम लागू पडला, वाईट झालं तर नीलम तुम्हाला सोसत नाही, दुसरा खडा घ्या, आणि काहीच झालं नाही तर हळूहळू गुण येईल. यात गुरुजी चुकलेत असं ठरायचा एकही रस्ता शिल्लक ठेवलेला नाही. नालंदेला असिबंधकपुत्र नावाचा एक गामणी, म्हणजे गावाचा मुखिया, बुद्धांकडे आला होता, म्हणाला काही लोक विधी करून मेलेल्या माणसाला स्वर्गात पाठवतात, तुम्हाला जमतं का? बुद्धांनी त्याला उलट विचारलं, एखाद्याने मोठा धोंडा खोल डोहात टाकला आणि लोक काठावर जमून हात जोडून म्हणायला लागले धोंड्या वर ये, धोंड्या वर ये, तर येईल का रे? आणि तुपाचं मडकं पाण्यात फुटलं, खापऱ्या खाली गेल्या, तूप वर आलं, आता तुपाला कितीही विनवलं बुड बाबा, तर बुडेल का? गामणी म्हणाला नाही. संपलं. मला हा प्रसंग फार आवडतो कारण यात कुणाला मूर्ख म्हटलेलं नाही, समोरच्याच्या तोंडूनच उत्तर आलंय.

तू मात्र आईशी तसं नाही वागलास. मुद्दा तुझा बरोबर होता पण तू वाद जिंकलास आणि आई गमावून बसलास, निदान सध्यापुरती तरी. तिच्या बाजूने जरा बघ ना. सहा महिने मुलाच्या खोलीचं दार बंद आहे, तो जेवायला येतो, फोनमध्ये बघत जेवतो, परत जातो. ती तुझ्याऐवजी इंटरव्ह्यू देऊ शकत नाही, लिंक्डइन म्हणजे काय तिला माहीत नाही, तू काही सांगत नाहीस. अशात एका माणसाने तिला बसवून घेतलं, तिचं ऐकून घेतलं आणि काहीतरी करायला दिलं. अठ्ठावीस हजार त्या ऐकून घेण्याचे आहेत रे, खड्याचे नाहीत. धम्मपदात गाथा आहे, भीतीने घाबरलेली माणसं डोंगर, वनं, झाडं, चैत्य अशा नाना ठिकाणी शरण जातात. तिथे कारण भीती सांगितलंय, अक्कल कमी असणं नाही. ही शरणं सुरक्षित नाहीत, त्याने दुःख सुटत नाही हे पण लगेच पुढे म्हटलंय, पण सुरुवात भीतीपासून आहे. तिची भीती कमी झाल्याशिवाय तू कितीही ब्रह्मजाल सुत्त ऐकव, काही उपयोग नाही.

आणि घरच्या माणसांशी कसं वागायचं याचा एक भारी किस्सा विनयपिटकात, म्हणजे भिक्खूंच्या नियमांच्या ग्रंथात आहे, लोक सहसा सांगत नाहीत. बुद्ध प्रवचन देत होते, मध्येच त्यांना शिंक आली. झालं, सगळे भिक्खू एकदम ओरडले, भगवान जगोत, सुगत जगोत, एवढा गलका की प्रवचन थांबलं. बुद्धांनी विचारलं, शिंकल्यावर जगा म्हटलं म्हणून कुणी जगतो किंवा मरतो का? नाही. मग म्हणत जाऊ नका. इथपर्यंत ऐकून तुझ्यासारखे खूश होतात. पण पुढे काय झालं, भिक्खू शिंकले की लोक त्यांना म्हणायचे जगा भन्ते, आणि हे नियमवाले भिक्खू गप्प बसायचे, उत्तरच द्यायचे नाहीत, तर लोकांना वाईट वाटायला लागलं, हे कसले श्रमण, साधं बोलत पण नाहीत. बुद्धांच्या कानावर गेलं तर ते म्हणाले, संसारी लोकांना मंगल-अमंगलाची आवड असते, ते जगा म्हणाले तर तुम्ही पण चिरकाल जगा म्हणा. बस. शिंकेने कुणी जगत नाही हे मत बदललं नाही, पण त्यासाठी लोकांना तोडायचं पण नाही. तुझ्या आईचा तो धागा मला या शिंकेच्या खात्यातला वाटतो आणि नीलम त्या खात्यातला वाटत नाही. दोन्ही एकाच फटक्यात तोडलेस तिथे गडबड झाली.

आता तू विचारशील धागा आणि गंडादोरा यात फरक काय, दोन्ही दोराच आहे. प्रश्न रास्त आहे, आणि आपल्या लोकांनी तो टाळू नये. परित्राण पाठात काय म्हणतात ते नीट ऐकलंयस का कधी? मंगल सुत्त घे. प्रश्नच असा आहे की सगळ्यात उत्तम मंगल कोणतं. उत्तरात ना मुहूर्त, ना दिशा, ना रंग. मूर्खांची संगत न धरणं, आईवडिलांची सेवा, भरपूर ऐकणं-शिकणं, हातात कला असणं, कामात घोळ न घालणं, धक्के बसले तरी मन न हलणं, असं ते चालत जातं. हे ऐकून झाल्यावर हाताला सूत बांधलं तर ते आठवणीसाठी आहे असं मी धरते. पण तेच सूत घालून कुणी म्हणालं आता मला ताप येणार नाही, गोळी नको, तर तिथे तो गंडाच झाला, बांधणारे भन्ते असले तरी. मिलिंदपञ्ह नावाच्या ग्रंथात मिलिंद राजाने नागसेन भिक्खूला अगदी हाच प्रश्न विचारलाय, परित्ताने, म्हणजे या परित्राण पाठाने, रक्षण होतं तर माणसं मरतात कशी. नागसेन म्हणतो, आयुष्य संपलं असेल तर परित्त चालत नाही, आणि कर्म आड आलं, मनात क्लेश असले किंवा श्रद्धा नसली तरी चालत नाही. खरं सांगू, मला हे उत्तर जरा पळवाटीचं वाटतं, उशाखालच्या नीलमच्या जवळ जाणारं. नागसेनाची बाकीची उत्तरं फार तल्लख आहेत, इथे नाही पटलं. आपल्याच परंपरेतलं म्हणून मान हलवायची असं थोडीच आहे.

मी आपली एवढंच बघते की ती गोष्ट केल्यावर माणूस उठून कामाला लागतो की काम सोडून वाट बघत बसतो. आणि त्यात कुणी घाबरवून पैसे काढतंय का.

काकांचं ते मागच्या जन्मीचं कर्म. हे मात्र मला सगळ्यात जास्त खटकलं कारण ते विहारातून आलंय. मोलियसिवक नावाचा एक परिव्राजक, म्हणजे फिरता साधू होता, राजगृहाला वेळुवनात त्याने बुद्धांना विचारलं की काही लोक म्हणतात माणसाला जे जे सुखदुःख होतं ते सगळं पूर्वीच्या कर्मामुळेच, तुमचं काय म्हणणं? बुद्ध म्हणाले काही दुखणी पित्ताने होतात, काही कफाने, काही वाताने, काही तिन्ही बिघडल्याने, काही ऋतू बदलल्याने, काही नीट काळजी न घेतल्याने, काही अचानक घाव बसल्याने आणि काही कर्माच्या फळाने. आठातलं एक कर्म. आणि सगळंच पूर्वकर्माने होतं म्हणणारे, लोकांना उघड माहीत असलेल्या गोष्टीच्या पण पलीकडे जातायत, ते चूक आहेत असं सरळ म्हटलंय. तुझी कंपनी कॉस्ट कटिंग करत होती, तुझ्यासोबत आणखी लोक गेले असणार, मग त्या सगळ्यांनी मागच्या जन्मी मिळून एकत्र पाप केलं होतं का? शिवाय ज्या समाजाला पिढ्यानपिढ्या तुमचं कर्मच तसं म्हणून गावाबाहेर ठेवलं त्या समाजातल्या माणसाने आपल्याच पोराला हे सांगावं, कमाल आहे. काकांशी भांडू नकोस, पुढच्या रविवारी विहारात मोलियसिवक सुत्त वाचूया का एवढंच विचार.

आता अत्त दीप. इथे मला तुझी जास्त काळजी वाटते, अंगठीपेक्षा पण.

ते वाक्य कुठे आलंय ते बघ. वैशालीजवळ बेलुव गावात वर्षावास होता, बुद्ध खूप आजारी पडले, बरे झाल्यावर बाहेर सावलीत येऊन बसले. त्यांचा शिष्य आनंद म्हणाला, माझे तर हातपाय गळाले होते पण मनात होतं, भगवान संघाबद्दल काही सांगितल्याशिवाय जाणार नाहीत. त्यावर बुद्ध म्हणतात, संघाला माझ्याकडून अजून काय हवंय, मी आतलं-बाहेरचं असं काही न ठेवता सगळं सांगून टाकलंय, गुरूने मूठ झाकून ठेवावी तसं माझ्याकडे काही नाही. ऐंशी वर्षांचा झालोय, जुनी गाडी दोरपट्ट्या बांधून कशीबशी चालवावी तसं हे शरीर चाललंय. म्हणून आता स्वतःच स्वतःचे दीप व्हा, धम्माला शरण जा, दुसऱ्या कुणाला नाही. म्हणजे आयुष्यभर सगळं देऊन झाल्यावर म्हातारा माणूस म्हणतोय की आता माझ्यावर टेकू नका. माणसांशी बोलू नका, फोन उचलू नका, मदत घेऊ नका असं त्यात कुठे आहे? त्याच आनंदाला एकदा वाटलं होतं की चांगले मित्र असणं म्हणजे अर्धा मार्ग झाला, तर बुद्ध म्हणाले असं म्हणू नकोस, कल्याणमित्र म्हणजे अख्खा मार्ग. दोन्ही वाक्यं एकाच माणसाची, एकाच शिष्याला सांगितलेली. एक तू व्हॉट्सॲप डीपीला लावलंस, दुसऱ्याचं काय?

आणि एक प्रसंग सांगते, तो वाचताना मला तुझं पत्र आठवलं. एका विहारात एक भिक्खू जुलाबाने आजारी, स्वतःच्याच घाणीत पडलेला. बुद्ध आणि आनंद फिरत तिथे आले. विचारलं, तुझं कुणी बघत नाही का? तो म्हणाला नाही. का बघत नाहीत? तर त्याचं उत्तर बघ, मी बाकी भिक्खूंसाठी काही करत नाही ना, म्हणून. म्हणजे मी कुणाच्या उपयोगाचा नाही, मग मला कोण बघणार. त्याला तसं वाटणं स्वाभाविक होतं, सहा महिने पगार नसलेल्या माणसाला पण तसंच वाटतं. बुद्धांनी यावर प्रवचन नाही दिलं, स्वावलंबी हो म्हणून पण नाही सांगितलं. आनंदला पाणी आणायला लावलं, स्वतः पाणी ओतलं, आनंदने धुतलं, एकाने डोक्याकडून एकाने पायाकडून उचलून त्याला पलंगावर ठेवलं. मग बाकीच्यांना बोलावून सुनावलं, तुम्हाला इथे ना आई ना बाप, तुम्हीच एकमेकांचं केलं नाही तर कोण करणार, ज्याला माझी सेवा करायचीय त्याने आजाऱ्याची करावी.

त्यामुळे मित्रांना फोन कर, आजच. आणि जॉब शोधताना रेफरन्स मागण्यात लाज कसली, बाबासाहेब १९१३ ला कोलंबियाला गेले ते बडोद्याच्या सयाजीराव महाराजांच्या स्कॉलरशिपवर, पुढे पैशांची तंगी आली तेव्हा नवल भथेना नावाच्या पारशी मित्राने मदत केली. त्यांचं स्वावलंबन कुठे कमी झालं का? झोप लागत नाही हे पण साधं समजू नकोस, डॉक्टरला दाखव, किंवा टेली-मानसचा १४४१६ नंबर आहे, सरकारी आहे, फुकट आहे, मराठीत बोलता येतं.

कामाचं म्हणशील तर दीघजाणु नावाच्या कोलिय कुळातल्या माणसाने बुद्धांना सरळ विचारलं होतं की आम्ही बायकापोरांत राहणारी, चंदन लावणारी, सोनंनाणं वापरणारी माणसं, आम्हाला याच जन्मात उपयोगी पडेल असं सांगा. त्याला चार गोष्टी सांगितल्या. जे काम करतोस, शेती, व्यापार, राजाची नोकरी काहीही, त्यात हुशारी आणि कष्ट. कमावलेलं सांभाळणं. चांगल्यांची संगत. आणि मिळकत बघून खर्च. सिगाल नावाच्या एका गृहस्थाच्या मुलाला तर पैशाचे भाग पण पाडून दिलेत, एक भाग वापरायला, दोन कामधंद्यात, चौथा अडचणीसाठी बाजूला. भिशीचे अठ्ठावीस हजार आईसमोर घेऊन बस आणि असा हिशोब मांड, घराला महिन्याला किती लागतात, तुझ्याकडे किती उरलेत, या आठवड्यात कुठे अर्ज टाकलास, कोणता इंटरव्ह्यू कसा झाला, सगळं. तिला करायला काहीतरी मिळू दे. फक्त ते कामधंद्याचे दोन भाग शंभर टक्के प्लेसमेंट गॅरंटीवाल्या कोर्सला देऊ नकोस, तो पण नीलमच, फक्त एसी ऑफिसमध्ये विकतात.

धाग्याबद्दल तिला सॉरी म्हण. अंगठीबद्दल म्हणायचं नाही, तिथे ठाम राहा पण आवाज न चढवता.

आणि प्लीज हे सगळं वाचून तिला कालाम सुत्त ऐकवायला जाऊ नकोस. आपल्याकडे ते अर्धंच सांगतात, ऐकीव म्हणून मानू नका, ग्रंथात आहे म्हणून मानू नका, गुरू म्हणतो म्हणून मानू नका. त्याच यादीत तर्काला पटतं म्हणून पण मानू नका असं आहे, आणि पुढे आहे की लोभ, द्वेष, मोह यातून काय निपजतं ते स्वतः बघा, आणि जाणती माणसं कशाला नावं ठेवतात ते पण बघा. तू धागा तोडलास तेव्हा तर्क शाबूत होता, द्वेष पण होता.

राहिली पत्रिका. जातकात, म्हणजे बुद्धांच्या मागच्या जन्मांच्या कथांत, एक गोष्ट आहे, एका घरच्यांनी लग्नाचा दिवस ठरवला आणि निघायच्या वेळी आपल्या नेहमीच्या आजीवकाला (आजीवक पंथाच्या साधूला) विचारलं आज नक्षत्र बरं आहे ना? त्याला राग आला, ठरवताना विचारलं नाही आणि आता विचारतायत, म्हणून त्याने मुद्दाम सांगितलं आज अशुभ. हे गेलेच नाहीत. तिकडे मुलीकडच्यांनी वाट बघून मुलीचं लग्न दुसऱ्याशी लावून टाकलं. दुसऱ्या दिवशी हे वरात घेऊन हजर, मग ही भांडणं. एक शहाणा माणूस म्हणाला, नक्षत्र बघत बसणाऱ्या मूर्खाच्या हातून काम निसटतं, काम होणं हेच कामाचं नक्षत्र, तारे काय करणार. ही गोष्ट मुलीकडच्यांना हसत हसत सांगता येईल, पण मुलीशी आधी एकट्याने बोल, बऱ्याचदा पत्रिका मुलीला नकोच असते, आजी किंवा एखादे मामा अडून बसलेले असतात. जॉब गेलाय हे पण तिला तूच सांग, दुसऱ्याकडून कळायला नको.

आणि विदर्भातले आहात तर एक गोष्ट दोघांनी जुळवूनच घ्या, सिकलसेलची रक्ततपासणी. आपल्या भागात हा रक्ताचा आनुवंशिक आजार बऱ्यापैकी आहे, आणि वाहक माणसाला सहसा काही त्रास होत नाही म्हणून वर्षानुवर्षं कळत पण नाही. दोघंही वाहक निघाले तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला आजार व्हायची शक्यता २५ टक्के असते, म्हणजे लग्न करायचंच नाही असं नाही, पण आधी माहीत असलं तर डॉक्टरशी बोलून ठरवता येतं. सरकारी दवाखान्यात तपासणी होते. मुलीकडचे पत्रिका घेऊन आले की तू तुझा रिपोर्ट पुढे ठेव आणि तिचा माग.